हात सुटला

ध्यान केंद्र, त्र्यंबक-हरसूल रस्ता
दि. ९ जानेवारी २०२५

आदरणीय पल्लवीताईस,
धाकटा भाऊ राकेश याचा सविनय जयभीम. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. आईला माझा जयभीम सांग.

माझ्या हातचं पत्र तुला आयुष्यात पहिल्यांदाच येतंय. अक्षराला हसू नकोस. इथे आल्या आल्या फोन काढून घेतात आणि कपाटात कुलपात ठेवतात. शिबिर संपल्यावर माझा फोन मला परत मिळाला होता. पण सेवेला थांबायचं ठरवलं तेव्हा मी आपणहून तो पुन्हा देऊन टाकला. फोन हातात आला की मी भिकनचेच फोटो बघत बसतो, हे तुला माहीत आहे. पंचवटीच्या मार्केटातून रोज भाजीचा टेम्पो येतो. तो चालवणारे रंगनाथकाका आपल्या कॉलनीवरूनच जातात. पत्रं तेच नेतील आणि आणतील.

सिग्नलला गाडी घासली म्हणून मी एका माणसाला हेल्मेटने मारलं, त्याचा जबडा मोडला, आणि आई घाबरून मला इथे सोडून गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, बरं केलं.

डोळे मिटून नुसता श्वास बघायचा, एवढंच काम. आत आला, बाहेर गेला. ऐकायला किती सोपं वाटतं! मी डोळे मिटले की आपली गल्ली दिसायची. संध्याकाळची वेळ, तोंडाला फडकी बांधलेली पोरं उभ्या गाड्यांच्या काचा फोडत चाललेली. भागात दहशत बसावी म्हणून, दुसरं कारण नाही. तुझ्या स्कूटरवर घाव पडला आणि तू ओरडत खाली उतरलीस. मी तुझ्या मागे जिन्यात होतो. त्या पोरांतल्या भिकनच्या तोंडावरचं फडकं घसरलं. त्याने कोयता उचलला, तू उजवा हात आडवा घातलास. मग फरशीवर तुझी तीन बोटं. त्यातलं एक अजून हलतंय असं मला वाटलं.

पहिले काही दिवस हेच. श्वास आत, कोयता खाली. बसल्या जागी मी भिकनला किती प्रकारे मारलं असेल! दगडाने, गाडीखाली घालून, एकदा त्याच्याच कोयत्याने, अगदी सावकाश. घामाने सदरा भिजायचा. शेवटी गुरुजींना जाऊन सांगितलं, की मी इथे बसून खून करतोय. ते म्हणाले, मारू नको असं मी म्हणत नाही, मनात मारताना तुझा श्वास कसा चालतो तेवढं बघून ठेव. मी बघितलं. कुत्र्यासारखा धापा टाकत होतो.

आता स्वयंपाकघरात सेवा करतो. हाताची जखम थंडीने ठणकते का? कोर्टाची तारीख लागली का? सविस्तर लिही. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझा,
राकेश


नाशिक
दि. १६ जानेवारी २०२५

चि. राकेश यास,
पल्लवीताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. आम्ही दोघी ठीक. तुझं क्षेम कळवत जा.

माझं अक्षर तुझ्यापेक्षा वाईट आहे, तेव्हा हसायचा प्रश्नच नाही. डाव्या हाताने लिहितेय, शाई पुसली जाते. आणि तू स्वयंपाकघरात? घरी पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवरून उचलत नव्हतास. आई दोन दिवस हसतेय. विहारात सगळ्यांना सांगून आली, की माझा राकेश शंभर माणसांच्या पोळ्या करतो.

थंडीने हात ठणकतो. पण त्याहून वाईट म्हणजे, नसलेली बोटं खाजतात. खाजवायला जावं तर तिथे हवा. लॅबमध्ये मला आता काउंटरवर बसवलंय. ज्या तान्ह्या बाळांची शीर कुणाला सापडायची नाही, त्यांना माझ्याकडे आणायचे, आठवतं? परवा एक बाळ आत रडत रडत काळंनिळं झालं. नवीन मुलगी टोचत होती, चुकत होती. मी बाहेर पावत्या फाडत बसले होते.

भिकन जामिनावर सुटून आलाय. चौकात चहाच्या टपरीवर उभा असतो. तो दिसला की माझ्या तोंडात रक्ताची चव येते. खरंच येते, मी थुंकून बघते. काल बसमधून तो दिसला आणि मनात आलं, ड्रायव्हरच्या हातातलं स्टिअरिंग ओढावं आणि बस टपरीवर घालावी. आत बाकीची माणसं होती म्हणून केलं नाही, एवढंच.

माझी साक्ष मार्चमध्ये आहे. तोवर जो भेटतो तो सांगतो, सोडून दे. लॅबचे डॉक्टर सांगतात, मावशी सांगते, तुझ्या केंद्राच्या पत्रकावर तर छापूनच आलंय. काय सोडू? माझ्या हातात धरायलाच काही उरलं नाही. तू शिक शांत राहायला, तुला गरज आहे. मला मात्र शिकवायला येऊ नकोस.

थंडी आहे, कानाला मफलर बांध. माया करते म्हणून रागावते, हे ध्यानात ठेव.

तुझी,
पल्लवीताई


ध्यान केंद्र
दि. ३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र बसून वाच. जवळ आई असेल तर तिला वाचून दाखवू नकोस.

काल नवीन शिबिर सुरू झालं. सकाळी दुधी चिरून झाल्यावर मी वाढायला उभा राहिलो. माणसं रांगेने ताट घेऊन येतात. नजर खाली, तोंड बंद, असा नियमच आहे. मी वरण वाढत होतो. एक ताट पुढे आलं. ते धरणारे हात आधी दिसले. लांब बोटं, नखं कुरतडलेली. दहाच्या दहा. मग मी वर बघितलं.

भिकन होता. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले. त्याच्या मामाने आणून सोडलंय, असं मागून कळलं. घरी तो भिंतीवर डोकं आपटून घेतो म्हणे.

माझ्या हातातली पळी कलंडली आणि उकळतं वरण त्याच्या मनगटावर सांडलं. कातडी लाल झाली. त्याने वर बघितलं फक्त. आणि ओळखलं मला. ताट पडू दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसला आणि सगळं जेवला.

व्यवस्थापकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याला आजच परत पाठवतो, किंवा तू घरी जा. मी म्हणालो, राहू द्या दोघांनाही, मी सांभाळीन. ताई, तुला खोटं सांगणार नाही. मोठ्या मनाने म्हणालो नाही. तो नजरेसमोर राहावा म्हणून म्हणालो. सकाळी घंटा वाजवून सगळ्यांना उठवायचं काम माझ्याकडे असतं. आज त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. तो उताणा झोपला होता, गळा उघडा. मी दारात उभा राहिलो, घंटा वाजवली आणि पुढे गेलो. पुढे गेलो, पण घंटा माझ्या मुठीत अशी आवळली होती, की तळव्यावर वळ उठला.

तुझा भाऊ,
राकेश


नाशिक
दि. ६ फेब्रुवारी २०२५

राकेश,
जयभीम. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तू त्याला वरण वाढलंस. मला अजून माझे केस बांधता येत नाहीत. आई बांधते. आणि माझा भाऊ त्याला वाढतो, उठवतो, त्याची झोप बघत दारात उभा राहतो.

तिथे ना पोलीस, ना त्याची टोळी. तो डोळे मिटून बसतो आणि तुझ्या हातात दिवसभर सुरी असते. एवढी संधी मला मिळाली असती तर मी पत्र लिहीत बसले नसते. मला कोर्ट नको, भरपाई नको. त्याचा हात हवा. मनगटापासून.

काय करायचं ते तुला कळतं. करणार नसशील तर या घरी येऊ नकोस.

पल्लवी


ध्यान केंद्र
दि. ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस सविनय जयभीम.

फोन परत मागितला असता तर मिळाला असता. पण माझा आवाज ऐकून तू ओरडली असतीस किंवा रडली असतीस, आणि माझं सांगायचं राहिलं असतं. आधी हे वाच, की मी जिवंत आहे आणि तोही जिवंत आहे. माझ्या कपाळाला टाके पडलेत. त्र्यंबकच्या दवाखान्यात घातले, काळजीचं कारण नाही.

तुझं पत्र परवा आलं. वाचलं आणि सरपणाच्या खोलीतला कोयता काढून टॉवेलमध्ये गुंडाळला. दुपारी जेवणानंतर सगळे पडतात, तेव्हा तो टाकीमागे दगडावर कपडे धुवत होता. मी मागून जवळ गेलो. पण वाळलेलं पान वाजलं आणि तो वळला. टॉवेलबाहेर आलेलं टोक त्याला दिसलं. हाताला लागलेला दगड त्याने सरळ माझ्या कपाळावर मारला.

कोयता कुठे पडला ते कळलं नाही. डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने दुसरा दगड उचलायच्या आत मी त्याला धरलं आणि दोघे चिखलात पडलो. त्याने माझ्या खांद्याला चावा घेतला. मी त्याचं डोकं दगडावर आपटलं, मग पुन्हा आपटलं. त्याच्या छातीवर बसलो आणि दोन्ही अंगठे गळ्यावर दिले. तो पाय झाडत होता. ओठ निळे पडत चालले होते. ताई, मला बरं वाटत होतं. दीड वर्षात इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग मला धाप ऐकू आली. मला वाटलं त्याची. माझी होती. रोजची सवय, श्वास ऐकू आला की लक्ष तिकडे जातं, तसं ते गेलं. तुला वाटेल मला दया आली. दया आली नाही. गुरुजी आठवले नाहीत, धम्म आठवला नाही. फक्त जे होतं ते दिसलं. अंगठ्याखाली त्याची शीर उडतेय. माझ्या नाकावरून रक्त ओघळून त्याच्या गालावर पडतंय. माझी मनगटं जळतायत. गल्ली दिसत नव्हती. तू दिसत नव्हतीस. एक माणूस दुसऱ्याचा गळा दाबत होता, आणि दाबणारा मी होतो. तुझ्यासाठी वगैरे काही नाही, नुसता मी.

आपल्याकडे हात सुटला म्हणजे मारलं. त्या दुपारी उलटं झालं. मी सोडला असं म्हणवत नाही. हात सुटला.

तो खोकला, ओकला, पुन्हा खोकला. मग त्याच्या आईच्या अहिराणीत म्हणाला, माले मारी टाक. मी म्हणालो, आता माझ्याने होणार नाही. तो म्हणाला, तुझ्या बहिणीला माझ्याकडून सांग... मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हणालो, मी कुणाचा निरोप्या नाही, सांगायचं ते कोर्टात सांग, तिच्यासमोर.

व्यवस्थापकांनी पोलिसांना बोलावलं. मी सगळं सांगितलं, कोयता मीच नेला होता हेही. माझ्यावरही गुन्हा दाखल होईल, पण बोलावतील तेव्हा हजर राहायचं या अटीवर मला इथेच थांबू दिलंय. साक्षीदाराच्या घरच्या माणसाला दगड मारला म्हणून त्याचा जामीन जाईल असं पोलीस म्हणाले. त्याला घेऊन गेले. तू जे मागितलंस ते मला जमलं नाही. घरी येऊ नको म्हणालीस, तर येत नाही.

राकेश


नाशिक
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. राकेश यास अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पत्र वाचून मी ताट भिंतीवर फेकलं. आई धावत आली. कपाळाला टाके पडलेत एवढंच तिला सांगितलं, तर ती तशीच चप्पल घालून निघाली होती. तिला कसंबसं बसवलं. रविवारी रंगनाथकाकांच्या टेम्पोतून येईल ती. तिच्यासमोर हसत उभा राहा.

तू मेला असतास तर? हा विचार मी चार दिवस बाजूला ढकलतेय, तो पुन्हा पुन्हा येऊन बसतो. माझं ते पत्र फाडून टाक. त्यावर मी अजून ठाम आहे का, ते विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

पण एक तुला स्पष्ट लिहिते. तुझा हात सुटला, माझा तुटला. तू हलका झालास, चांगलं झालं. पण तुझ्या हलकं होण्याने माझी बोटं खाजायची थांबत नाहीत. माझ्या वतीने कुणी रागवायचं नाही, हे मला आता कळलं. तसं माझ्या वतीने कुणी सोडायचंही नाही. राग माझा आहे. मी ठेवीन, जाळीन, नाहीतर कवटाळून झोपेन.

साक्षीची भीती वाटते. त्याची नाही, माझीच. मी पिंजऱ्यात उभी राहीन, त्याला बघेन, आणि पुन्हा गल्लीत जाईन. तोंडातून शब्द येणार नाही आणि त्याचा वकील हसेल.

घरी येऊ नको असं लिहिलं होतं, ते खोडलं असं समज.

तुझी ताई


ध्यान केंद्र
दि. १९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस सविनय जयभीम.

आई येऊन गेली. जाताना स्वयंपाकघर बघून म्हणाली, हे पातेलं असं घासतात का, आणि स्वतः घासून गेली.

तू लिहिलंस ते खरं आहे. पुन्हा कधी तुला सोड म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव. (मारणार नाही, समजावून सांगेन.)

साक्षीच्या दिवशी मी येऊ नये असा तुझा निरोप आईने सांगितला, तर येत नाही. ध्यानाचं काही सांगत नाही. एकच कर. गल्ली दिसायला लागली की पायाचे तळवे कुठे टेकलेत ते बघ. फरशी गार आहे की गरम, चप्पल कुठे टोचतेय. गल्लीला हाकलू नकोस. ती असू दे, पण तळवेही असू देत. माझा जीव त्यावर तरला, आणि त्याचाही.

लोभ ठेव.
राकेश


नाशिक
दि. २६ एप्रिल २०२५

चि. राकेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. निकाल काय लागला ते आईने केंद्राच्या फोनवर कळवलंच असेल. पण तिला सगळं माहीत नाही, म्हणून लिहितेय.

साक्षीबद्दल तुला नीट लिहिलंच नव्हतं. मी उभी राहिले. समोर भिकन, दोन पोलिसांच्या मध्ये. त्याच्या वकिलाने विचारलं, बाई, अंधार पडत होता ना? तोंडं बांधलेली होती ना? तुमचा हात फुटलेल्या काचेने कापला ना? आणि गल्ली आली. पेट्रोलचा वास, काचा, जिन्यातला तुझा आवाज. जीभ टाळूला चिकटली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, पाणी हवंय का?

मी तळवे बघितले. तू सांगितलंस म्हणून नाही, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. फरशी गार होती. डाव्या चपलेचा पट्टा करंगळीला घासत होता. गल्ली गेली नाही. पण मी तिच्यात नव्हते. मी कोर्टात होते, पंखा फिरत होता, आणि जे घडलं ते घडून गेलेलं होतं. मी म्हणाले, फडकं घसरलं होतं, तो हाच, कोयता उजव्या हातात होता. मग मी माझा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि वकिलाचा प्रश्न संपेपर्यंत खाली घेतला नाही.

तू त्याला म्हणाला होतास, कोर्टात सांग. त्याने काही सांगितलं नाही. मान खाली घालून उभा राहिला, वकिलाला खोटं बोलू दिलं. हे तुला कळलेलं बरं.

काल निकाल लागला. पाच वर्षं सक्तमजुरी. मला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आत काहीतरी पेटेल, निदान विझेल. काही झालं नाही. भूक लागली. आईचा हात धरून पायऱ्या उतरत होते.

खाली त्याची आई उभी होती, आक्काबाई. मी तिला इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. हडकुळी, पायात प्लास्टिकच्या चपला. मला वाटलं शिव्या देईल. मी तयारच होते, खरं तर वाटच बघत होते. तिने मला बघितलं, माझा हात बघितला, आणि स्वतःच्याच तोंडात मारायला लागली. आधी एका हाताने, मग दोन्ही. चटाक, चटाक. माणसं थांबून बघायला लागली. कुणी मोबाइल काढला. तिचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं, तरी ती मारतच होती, जणू तिचं तोंड दुसऱ्या कुणाचं होतं.

राकेश, माझ्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. क्षमा नव्हती. ती आजही नाही. मी पुढे झाले आणि तिचं मनगट धरलं. उजव्या हाताने धरलं, हे नंतर लक्षात आलं. अंगठा आणि उरलेलं एक बोट. त्यात तिचं मनगट मावलं, इतकं ते बारीक होतं. तिने ओढलं, मी घट्ट धरलं. मी म्हणाले, मावशी, पुरे.

ती थांबली. थांबली तरी मी तिचं मनगट सोडलं नाही.

तू आता घरी ये. भांडायला ये, जेवायला ये, कसाही ये. माया होती तेवढीच आहे, तुझ्याकडून तशीच असू दे.

तुझी,
पल्लवीताई